सुट्टीचे दिवस आणि आपले दिवस

(कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील बौद्ध बंधुभगिनींच्या एकत्रित सभेत नाताळपूर्वी केलेले भाषण)



आज बोलण्यासाठी मला दिलेला विषय वरवर पाहता अगदी साधा आहे. सुट्टीच्या दिवसांत आपण कशाचे स्मरण ठेवावे, हा तो विषय होय. सुट्टी आली की माणसाने चार घटका विसावा घ्यावा, मुलाबाळांत बसावे, गोडधोड खावे. यात व्याख्यान देण्यासारखे काय आहे, असे कोणासही वाटेल. परंतु ज्या दोन तालुक्यांत आपण राहतो, तेथे सुट्टी ही साधी गोष्ट राहिलेली नाही. एका बाजूस मुंबई आणि दुसऱ्या बाजूस पुणे, मध्ये बोरघाट, आणि घाटाच्या पायथ्याशी आपण. या दोन्ही शहरांस सुट्टी लागली की तेथील माणसांचा लोंढा आपल्याकडे वळतो. लोकल भरून येतात. द्रुतगती मार्गावर खालापूरच्या नाक्याशी मोटारींच्या रांगा लागतात. माथेरानचा डोंगर माणसांनी गजबजून जातो. उल्हास आणि पाताळगंगा यांच्या काठाने जी भातशेती होती, तिच्या बऱ्याच तुकड्यांवर आज बंगले, फार्महाऊस आणि रिसॉर्ट उभी आहेत, आणि नाताळपासून नव्या वर्षापर्यंतच्या आठवड्यात त्यांतली एकही खोली रिकामी सापडत नाही.

आता मला असे विचारावयाचे आहे की, या आठवड्यात सुट्टी कोणाची असते? पाहुण्यांची असते. त्यांच्यासाठी जो स्वयंपाक करतो, जी भांडी घासते, जो रात्रभर फाटकापाशी पहारा करतो, जो बागेस पाणी घालतो, ती माणसे कोठली? ती आपल्या आणि आपल्या शेजारच्या वस्त्यांतली आहेत. त्यांत बौद्ध आहेत, कातकरी आहेत, ठाकूर आहेत, आगरी-कुणबी आहेत. शहर ज्या आठवड्यात विश्रांती घेते, तोच आपल्या माणसांचा सर्वांत कष्टाचा आठवडा ठरतो. तेव्हा सुट्टीत कशाचे स्मरण ठेवावे हा प्रश्न आपल्या बाबतीत मौजेचा नसून हक्काचा आहे, आणि तसाच तो मी आपणांपुढे मांडणार आहे.

सुट्टी कोणी मिळवून दिली?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. धम्माच्या नावाने बोलणारा मनुष्य आनंदाचा शत्रू असतो, त्यास हसणे-खेळणे पाहवत नाही, अशी कित्येकांची समजूत असते. ती खरी नाही. विश्रांती आणि आनंद यांवर श्रम करणाऱ्या माणसाचा हक्क आहे, ही गोष्ट आपल्याच चळवळीच्या पूर्वजांनी या देशास शिकविली आहे.

आज रविवारी कचेऱ्या बंद असतात, तेव्हा ही व्यवस्था जणू सृष्टीच्या आरंभापासून चालत आली असावी असे आपणांस वाटते. मुंबईच्या गिरणी कामगारास मात्र ती फुकट मिळालेली नाही. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची संघटना उभारली, सभा भरविल्या, अर्ज केले, आणि सहा वर्षांच्या खटपटीनंतर १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुट्टी पदरात पाडून घेतली. त्यापूर्वी गिरणीतील मनुष्य उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबत होता.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्यांच्या कारकिर्दीत १९४५ साली कारखान्यांतील कामगारांना पगारी सुट्टी देणारी कायदेदुरुस्ती झाली, आणि १९४६ साली बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्यास ५४ वरून ४८ वर आणण्यात आले. इतक्यावरच हा विचार थांबला नाही. आपल्या संविधानाचे ४३ वे कलम काढून पाहा. कामगारास निर्वाहापुरते वेतन मिळावे, एवढेच सांगून ते कलम संपत नाही. त्याला फुरसतीचा पूर्ण उपभोग घेता यावा, सामाजिक आणि सांस्कृतिक जीवनात भाग घेता यावा, यासाठी राज्याने झटावे, असे त्यात म्हटले आहे. फुरसत हा शब्द देशाच्या संविधानात का यावा? कारण ज्याला फुरसत नाही त्याला वाचता येत नाही, विचार करता येत नाही, सभेस जाता येत नाही, आपल्या मुलाच्या अभ्यासापाशी बसता येत नाही. गुलामास कामानंतर झोप मिळते, फुरसत मिळत नाही. दोहोंत हाच फरक आहे.

धनी आणि सेवक

हाच विचार भगवान बुद्धाने गृहस्थांस फार पूर्वी सांगितलेला आहे. दीघनिकायात सिगालोवाद नावाचे सुत्त आहे. राजगृहाजवळ सिगाल नावाचा एक तरुण पहाटे ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत होता. वडिलांनी मरताना तसे सांगितले होते, म्हणून तो ते करीत होता; त्याचा अर्थ त्यास ठाऊक नव्हता. भगवंतांनी त्यास सांगितले की, आईबाप ही पूर्व दिशा, गुरू ही दक्षिण, पत्नी व मुले ही पश्चिम, मित्र ही उत्तर, श्रमण ही वरची दिशा आणि आपल्या घरी काम करणारी माणसे ही खालची दिशा होय. आणि त्यांच्याशी योग्य रीतीने वागणे हाच त्या दिशांचा खरा नमस्कार आहे.

खालच्या दिशेविषयी काय सांगितले आहे ते आजच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. धन्याने सेवकांशी पाच प्रकारे वागावे. त्यांच्या शक्तीप्रमाणे काम नेमून द्यावे. अन्न आणि वेतन द्यावे. आजारात त्यांची शुश्रूषा करावी. घरात काही विशेष चांगले पदार्थ होतील त्यांत त्यांस वाटेकरी करावे. आणि पाचवी गोष्ट, योग्य वेळी त्यांस सुट्टी द्यावी. सेवकांनीही काम चोख करावे, न दिलेले घेऊ नये, हे तेथे सांगितले आहे. कर्तव्य दोन्ही बाजूंचे आहे. परंतु सुट्टी ही मेहेरबानी नसून धन्याचे कर्तव्य आहे, हे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले गेले, ही गोष्ट आपण नीट ध्यानात घ्यावी. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी गृहस्थांच्या विनयास स्वतंत्र स्थान दिले आणि धनी व सेवक यांचे नातेही त्यात घेतले, ते उगीच नव्हे.

आपल्या जिल्ह्यातला एक नाताळ

आता मी मुख्य गोष्टीकडे येतो. जगात २५ डिसेंबर हा दिवस ख्रिस्ती बांधवांचा सण म्हणून पाळला जातो. त्यांच्या सणास आपला मनःपूर्वक आदर आहे. परंतु त्याच तारखेस याच जिल्ह्यात एक गोष्ट घडली आहे. तेव्हा या जिल्ह्यास कुलाबा म्हणत. १९८१ पासून तो रायगड झाला. ती गोष्ट विसरणे आपणांस परवडणार नाही.

इंग्रजी अमदानीत नाताळच्या सुट्टीत कोर्ट-कचेऱ्या बंद असत, म्हणून सभा-परिषदा त्याच आठवड्यात भरविण्याची रीत होती. राष्ट्रसभेची अधिवेशनेही डिसेंबरच्या अखेरीस भरत. महाडची सत्याग्रह परिषद २५, २६ व २७ डिसेंबर १९२७ या दिवशी भरली. तिच्या मागे चार वर्षांचा इतिहास होता. सीताराम केशव बोले यांचा, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावेत असा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले केले. परंतु ते कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांसह जाऊन त्या तळ्याचे पाणी हातात घेतले, तेव्हा परत फिरलेल्या माणसांवर मारहाण झाली. तळे बाटले म्हणून पंचगव्याच्या १०८ घागरींनी ते शुद्ध करण्यात आले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. बोले यांचा ठराव होऊन बरोबर चार वर्षे झाली होती त्या दिवशी!

डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली. १४ डिसेंबर रोजी प्रतिपक्षाने दिवाणी न्यायालयाकडून मनाईहुकूम मिळविला. महाडात परिषदेसाठी जागा मिळेना. ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. बाबासाहेब मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले आणि २५ तारखेस दासगाव बंदरात उतरून सहकाऱ्यांसह पायी महाडास गेले. त्या दिवशीच्या भाषणात त्यांनी परिषदेची तुलना १७८९ साली फ्रान्समध्ये भरलेल्या राष्ट्रीय सभेशी केली. चवदार तळ्याचे पाणी प्यालो म्हणजे आपण अमर होणार आहो असे नव्हे, आजपर्यंत त्या पाण्यावाचून आपण मेलो नाही. इतरांप्रमाणे आपणही माणसे आहो हे सिद्ध करण्यासाठी तेथे जावयाचे आहे, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते. मनुष्यमात्राच्या जन्मसिद्ध हक्कांचा ठराव झाला. आणि त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन करण्यात आले. तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते, आणि त्यास पाठिंबा देणारे पांडुरंग नथुजी राजभोज हे चांभार समाजातले होते. लढा कोणत्या जातीशी नव्हता, तो विषमतेच्या तत्त्वाशी होता, याचा याहून मोठा पुरावा कोणता पाहिजे?

सत्याग्रहासाठी आलेली हजारो माणसे तळ्यावर जाण्यास उतावीळ झाली होती. तरीही न्यायालयाचा हुकूम असल्यामुळे परिषदेने सत्याग्रह तहकूब ठेवला आणि शांततेने मिरवणूक काढली. पुढे मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षे लागली. आणि १९५० साली संविधान अमलात आले, त्याच्या १५ व्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्ते यांच्या वापरास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणासही अडविता येणार नाही, असे लिहिले गेले. बंधूंनो, आज कोणताही मनुष्य पैसे देऊन हॉटेलाच्या दारातून आत जातो, त्यास कोणी जात विचारू शकत नाही. तो ज्या हक्काने आत जातो, तो हक्क संविधानात येण्यापूर्वी महाडच्या मांडवात बोलला गेलेला आहे.

पाणी आजही पाणीच आहे

पण हक्काची गोष्ट १९५० साली संपली, असे समजणे चुकीचे ठरेल. महाडचा प्रश्न पाण्याचा होता. आमच्या या तालुक्यांत पाऊस अपरंपार पडतो. खोपोली आणि भिवपुरी येथे टाटांच्या जलविद्युतगृहांतून १९१५ व १९२२ पासून घाटावरचे पाणी खाली उतरत आहे. तरी उन्हाळा लागला की डोंगरावरच्या वाड्यांतील बायका हंडे घेऊन खडकातल्या झऱ्यापाशी बसतात, आणि त्याच डोंगराच्या पायथ्याशी पाहुण्यांच्या पोहण्याचे तलाव भरलेले असतात. येथे शिवाशिवीचा हुकूम कोणी काढलेला नाही, हे खरे. परंतु ज्याच्या हाती पैसा आहे त्याला पोहावयास पाणी, आणि ज्याच्या हाती हंडा आहे त्याला प्यावयासही नाही, ही विषमता पाहून महाडच्या वारसांनी मान वळवून जावे काय?

इरशाळवाडीचे नाव आपण सर्व जाणता. खालापूर तालुक्यातील इरशाळगडाच्या कुशीत ठाकूर बांधवांची ती वाडी होती. गडावर चढणारी सुट्टीतली मंडळी तिच्यातून वाट काढीत असत. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर खचला आणि वाडी गाडली गेली. २७ मृतदेह हाती आले. ५७ माणसे सापडली नाहीत, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. डोंगर सुंदर आहे असे म्हणणाऱ्याने डोंगरावरचा मनुष्यही पाहावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

माथेरानकडे पाहा. तेथे मोटारींस बंदी आहे, म्हणून कित्येक दशके माणसाने माणसास रिक्षात बसवून हातांनी ओढण्याची चाल तेथे राहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चाल माणुसकीस धरून नाही असे ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्या माणसांच्या उपजीविकेसाठी विजेच्या रिक्षांची योजना करण्याचा आदेश दिला. संविधानाने दिलेले सामाजिक व आर्थिक न्यायाचे वचन अशा चालीने मोडते, असा त्या निर्णयाचा रोख होता. निकाल देणाऱ्या पीठाचे प्रमुख सरन्यायाधीश भूषण गवई होते. हवा खाण्यासाठी डोंगरावर जाणाऱ्याने दुसऱ्याच्या छातीतील हवा काढून घेऊ नये, हे सांगावयास स्वातंत्र्यानंतर ७८ वर्षे लागली.

त्या आठवड्यातील आणखी काही दिवस

सुट्टीच्या या आठवड्यास लागूनच आपले आणखी दिवस आहेत. १ जानेवारी हा कोरेगावचा दिवस. १९२७ साली त्या दिवशी बाबासाहेब स्वतः तेथील स्तंभास मानवंदना देण्यास गेले होते. ३ जानेवारी हा सावित्रीबाई फुले यांचा जन्मदिवस. १८३१ साली जन्मलेली ही माउली १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करिताना गेली. आपल्या मुली आज कर्जत-खोपोलीच्या महाविद्यालयांत जातात, त्या तिने उघडलेल्या वाटेने जातात.

आणि २ जानेवारी? तो तर आपल्या तालुक्याचा दिवस आहे. माथेरानात १ डिसेंबर १९१२ रोजी एका गरीब नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म झाला. ते शिकून वकील झाले, परंतु वकिली करून पैसा मिळविण्याऐवजी त्यांनी खेड्यांत शाळा काढल्या, सावकाराच्या पाशातून शेतकऱ्यास सोडविण्यासाठी धान्यकोठ्या काढल्या. बेचाळीसच्या लढ्यात ते 'आझाद दस्त्या'चे नायक झाले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. माथेरान ज्या दिवसांत पाहुण्यांनी भरलेले असते, त्याच दिवसांत माथेरानचा हा सुपुत्र जंगलात पडला. त्यांची चळवळ आणि आपली चळवळ यांचे मार्ग वेगळे होते. तरी श्रमिकाच्या घरी जन्मून श्रमिकासाठी मेलेल्या मनुष्यास परका मानण्याइतके आपण कोते नाही.

कोंढाण्याची लेणी काय सांगतात

कर्जतजवळ राजमाचीच्या पायथ्याशी कोंढाण्याची लेणी आहेत. दोन हजार वर्षांमागे कोरलेले चैत्यगृह आणि विहार तेथे आजही उभे आहेत. चैत्यगृहाजवळच्या शिलालेखात कण्हाचा शिष्य बलक याचे नाव आहे. आपले नाव लिहिताना त्याने आपल्या गुरूचे नाव आधी लिहिले, हे विसरू नये. ही लेणी भिक्षूंच्या वर्षावासासाठी होती. पावसाचे तीन महिने भिक्षूंनी एका ठिकाणी राहावे, अध्ययन करावे, आसपासच्या गृहस्थांस उपदेश करावा, असा नियम होता. आज त्याच पावसाळ्यात तेथे धबधब्याखाली भिजण्यासाठी गर्दी लोटते, आणि मागे बाटल्या आणि पिशव्या उरतात. येणाऱ्यांस आपण दोष देत बसू नये. ते स्थान कशाचे आहे हे त्यांस कोणी सांगितले आहे काय? आणि त्याहून कठीण प्रश्न असा की, आपल्या मुलांस तरी आपण सांगितले आहे काय? लेणे आपल्या दाराशी आहे, आणि आपलीच मुले ते पाहण्यास दुसऱ्यांबरोबर वाटाडे म्हणून जातात.

रोजगार बुडवावा काय?

आता कोणी तरुण उठून मला म्हणेल, "दादा, बोलणे ठीक आहे, पण २५ तारखेस आणि ३१ तारखेस रजा मागितली तर मालक कायमचा काढून टाकील. वर्षातली निम्मी कमाई या आठवड्यात होते. महाडचा दिवस पाळावा की घरची चूल?" हा प्रश्न खोटा नाही. त्यास टाळून जो पुढारी नुसत्या घोषणा देतो, त्यास आपल्या माणसांचे पोट ठाऊक नाही असे मी समजतो.

माझे उत्तर असे आहे. रोजगार बुडवू नका. महाडास जमलेली माणसेही पोटाची माणसे होती. त्यांनी परिषद सुट्टीत भरविली, कारण तेव्हा त्यांस सवड होती. आपणांस सवड नसेल तर आपण सवडीप्रमाणे वेळ ठरवावी. २५ तारखेस सकाळी कामावर निघण्यापूर्वी सहा वाजता विहारात अर्धा तास जमावे. ज्यास तेही जमत नाही त्याने रात्री कामावरून सुटल्यावर घरी मेणबत्ती लावून मुलांस महाडची हकीकत सांगावी. जो येऊ शकला नाही त्याच्या घरापुढे टोमणे मारू नयेत. स्मरणाची किंमत मंडपाच्या लांबीवरून ठरत नाही.

परंतु त्याबरोबरच कायदा काय म्हणतो तेही शिका. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा ज्या हॉटेलास वा रिसॉर्टास लागू आहे, तेथे कामगारास आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी दिली पाहिजे. जादा तासांचे वेतन दुप्पट दराने दिले पाहिजे. वर्षात आठ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. त्यांतील चार, म्हणजे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर, कायद्याने ठरविल्या आहेत. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी आपसांत ठरवावयाच्या आहेत. आपल्यापैकी किती जणांनी एकत्र बसून मालकापुढे, या चारांत १४ एप्रिल घाला, बुद्धपौर्णिमा घाला, असे लेखी मागणे मांडले आहे? एकट्याने मागितले तर तो काढला जाईल. दहा जणांनी, त्यात कातकरी आणि कुणबी सोबतीही असतील, नम्रतेने आणि लेखी मागितले तर त्याचा विचार करावा लागेल. बाबासाहेबांनी संघटित व्हा म्हणून सांगितले ते कशासाठी?

सहा दारे

शेवटी एक कडू गोष्ट. सिगालास भगवंतांनी संपत्ती वाहून जाण्याची सहा दारे सांगितली: मद्यपान, अवेळी रस्त्यांतून भटकणे, नाच-तमाशांचा नाद, जुगार, दुर्जनांची संगत आणि आळस. ३१ डिसेंबरच्या रात्रीकडे पाहा. यांतील कोणते दार बंद असते? पाहुणा आपल्या पैशाने पितो आणि मोटारीत बसून निघून जातो. त्याचे अनुकरण करणारा आपला मुलगा मात्र मालकाकडून आगाऊ उचल घेतो आणि आठवड्याची जादा कमाई एका रात्रीत घालवून बसतो. उचल फिटेपर्यंत त्याला काम सोडता येत नाही. आणि काम सोडता येत नाही म्हणून रजा मागता येत नाही. नव्या वर्षाची रात्र त्यास जुन्या गुलामीत नेऊन सोडते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास आपण ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांत मद्यपान करणार नाही ही प्रतिज्ञा आहे. ती सणावारी सैल होणारी प्रतिज्ञा नव्हे. त्याच सुत्तात कमाईचे चार भाग करण्यास सांगितले आहे: एक भाग उपभोगावा, दोन व्यवसायात घालावेत, चौथा संकटकाळासाठी राखून ठेवावा. उपभोगण्यासही एक भाग दिलेला आहे, हे पाहा. मुलांस नवे कपडे घ्या, घरी गोड करा, लेकरांस माथेरान दाखवा. कोण नको म्हणतो? पण चौथा भाग ३१ तारखेस फुटू देऊ नका.

माता-भगिनींनो, २७ डिसेंबर १९२७ रोजी महाडास बाबासाहेब स्त्रियांच्या सभेत बोलले. स्वच्छ राहा, वस्त्र फाटके असले तरी चालेल पण मळके नको, मुलींस मुलांइतकेच शिकवा, आणि नवरा वा मुलगा दारू पिऊन आला तर त्यास जेवू घालू नका, अशा आशयाचा उपदेश त्यांनी केला. तो ऐकून तेथील स्त्रियांनी लुगडे नेसण्याची पद्धत तेथल्या तेथे बदलली. पिढ्यानपिढ्यांची खूण त्यांनी एका दिवसात अंगावरून उतरविली. सुट्टीच्या आठवड्यात तुम्ही दुसऱ्यांच्या घरी वीस माणसांची भांडी घासून येता आणि पुन्हा आपल्या घरची चूल पेटविता. २५ डिसेंबर हा स्त्रीमुक्तीचाही दिवस मानला जातो. त्या रात्रीची चूल घरातल्या पुरुषांनी पेटवावी, भाकरी जमत नसेल तर निदान भात टाकावा. मनुस्मृती जाळली असे म्हणावयाचे आणि तिचा कायदा स्वयंपाकघरात चालू ठेवावयाचा, हे आपणांस शोभत नाही.

तेव्हा माझे मागणे थोडक्यात सांगतो. या वर्षी २५ डिसेंबरला प्रत्येक वस्तीत महाडची हकीकत एका मुलाने आणि एका मुलीने उभे राहून सांगावी. २ जानेवारीस भाई कोतवाल यांचे आणि ३ जानेवारीस सावित्रीबाईंचे स्मरण करावे. जानेवारीतील एका मोकळ्या दिवशी मुलांस घेऊन कोंढाण्यास जावे, लेणे झाडून काढावे आणि शिलालेख दाखवावा. जेथे आपण दहाजण एके ठिकाणी कामास आहोत, तेथे साप्ताहिक सुट्टीचे आणि चार सणांचे मागणे कागदावर लिहावे. आणि ज्या वाडीस पाणी नाही, तिच्या अर्जावर आपलीही सही असावी, मग ती वाडी बौद्धांची असो वा नसो. चवदार तळे आपण केवळ आपल्यासाठी मागितले नव्हते.

पाहुणे येतील आणि चार दिवसांनी जातील. त्यांचा आदरसत्कार करा, काम चोख करा, पण त्यांच्या सुट्टीस आपले आयुष्य समजू नका. या जिल्ह्याच्या मातीत १९२७ सालच्या नाताळात माणसाने माणूस असल्याची ग्वाही दिली आहे. ती ज्यास आठवते त्याची मान पाहुण्यापुढे ताट ठेवतानाही खाली जात नाही.

इतके बोलून मी आपली रजा घेतो. जय भीम!